दोन अंकांचा काउंटर: काय काढायचं, काय ठेवायचं

दोन अंकी काउंटर, म्हणजे बटण दाबेल तसा आकडा एकेकाने वाढवून दाखवणारं सर्किट, अजूनही बऱ्याच ठिकाणी जुन्याच पद्धतीने बांधला जातो. बटणाची थरथर घालवायला एक ५५५ टायमर आयसी, मोजायला दोन ७४९०, त्यांचा आकडा डिस्प्लेच्या सात सेगमेंटांत (ए ते जी नावाच्या रेषांत) उलगडायला दोन ७४४७, प्रत्येक सेगमेंटला ३३० ओहमचा एक असे चौदा रेझिस्टर, कॉमन अ‍ॅनोडचे (सगळ्या सेगमेंटांचं प्लस टोक एकत्र असलेले) दोन डिस्प्ले आणि सगळ्यांना पाच व्होल्ट पुरवायला एक ७८०५. कागदावर हे सर्किट देखणं दिसतं. झिरो पीसीबीवर (नुसती भोकं असलेल्या सोल्डरिंगच्या पाटीवर) उतरवायला बसलं की ७४९० पासून ७४४७ कडे आठ तारा, तिथून रेझिस्टरांकडे चौदा आणि रेझिस्टरांपासून डिस्प्लेकडे पुन्हा चौदा, म्हणजे नुसता आकडा दिसण्यासाठी छत्तीस तारा सोल्डर कराव्या लागतात. त्यात ई सेगमेंटचा (खालच्या डाव्या रेषेचा) एक टाका कोरडा राहिला की ८ चा ९ दिसतो. मग मोजणी चुकली की दाखवणं चुकलं, हे शोधण्यात आख्खी संध्याकाळ जाते.

हे सर्किट साधं करता येतं, आणि करावंच. पण साधं करायचं म्हणून हाताला लागेल तो भाग उपटून चालत नाही. काउंटरमध्ये दोन जातींचे भाग असतात. काही भाग असं काम करतात ज्याचं पुढे कोणालाच काही नसतं; ते काढावेत. काही भाग एखाद्या पिनला तिची जागा दाखवतात, ती हाय (प्लसजवळ) आहे की लो (ग्राउंडजवळ) हे पक्कं करतात; ते दिसायला फालतू वाटले तरी त्यांना हात लावू नये. हौशी सर्किटं बिघडतात ती बहुतेक या दोन जातींची गल्लत झाल्यामुळे. माणूस चौदा रेझिस्टर आणि दोन जादा आयसी प्रेमाने ठेवतो आणि १०४ चा (०.१ मायक्रोफॅरडचा) एक सिरॅमिक कपॅसिटर वाचवतो.

बडोद्यात अशा काउंटरला काम भरपूर आहे. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत मराठी घरं जुनी आहेत. गणपतीत अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं म्हणायची तर मोजणी चोख लागते, कारण फलश्रुती फक्त शेवटच्या आवर्तनानंतर म्हणतात. पन्नास माणसं एका सुरात म्हणत असताना अठरावं चाललंय की एकोणिसावं, यावर कुजबुज सुरू झाली की रंगाचा बेरंग होतो. भिंतीवर सगळ्यांना दिसेल असा आकडा आणि म्हणणाऱ्यांपैकी एकाच्या हातात बटण, एवढं पुरतं. बोटात अडकवायचे तयार काउंटर बाजारात मिळतात, पण त्यावरचा आकडा एकट्यालाच दिसतो आणि बिघडला की फेकून द्यावा लागतो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये याच शहरात कलाभवन सुरू केलं, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जरांनी त्याला आकार दिला. आज ते महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विभाग आहे, तरी लोकांच्या तोंडी कलाभवनच. हाताने काम करून विद्या येते ही त्या संस्थेमागची धारणा. उघडून दुरुस्त करता येईल असं यंत्र घरी बांधणं मला त्याच वाटेवरचं वाटतं.

सुरुवात मधल्या तारांपासून करू. ७४९० आकडा चार बिटांत देतो, त्याला बीसीडी म्हणतात, आणि ७४४७ तो वाचतो. हा आकडा छपाईयंत्राला द्यायचा असेल, दुसऱ्या आकड्याशी ताडून बघायचा असेल, संगणकाला पुरवायचा असेल, तर बीसीडी हवाच. आपल्या काउंटरमध्ये त्या चार बिटांना ७४४७ शिवाय दुसरा वाचक नाही. मग मोजणं आणि उलगडणं एकाच आयसीत का नको? सीडी४०२६ नेमकं तेच करतो. क्लॉक, म्हणजे मोजायचे पल्स, घेतो, शून्य ते नऊ मोजतो आणि सातही सेगमेंटांचे आउटपुट थेट देतो. आत पाच फ्लिपफ्लॉपांचा (एकेक बिट धरणाऱ्या घरांचा) जॉन्सन काउंटर आहे. दर पल्सला त्यातला एकच फ्लिपफ्लॉप बदलतो, त्यामुळे एका आकड्यावरून दुसऱ्यावर जाताना मध्येच भलता आकडा उमटत नाही. ७४९० मध्ये बिट मागेपुढे बदलतात आणि अगदी निमिषभर चुकीचा आकडा तयार होतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण त्या बिटांवरून रिसेट किंवा बझर चालवायचा झाला की नडतो.

एवढ्या एका बदलाने चार आयसींचे दोन झाले, बीसीडीच्या आठ तारा गेल्या, ७४९० च्या आतले दोन भाग जोडणारा बारा आणि एक या पिनांमधला पूल गेला, ग्राउंड करायच्या दोन, तीन, सहा, सात या पिना गेल्या. ७४९० चा पुरवठा पाच आणि दहा या आडवळणाच्या पिनांना असतो, तिथे नवखे हमखास फसतात. तीही भानगड संपली. ४०२६ मध्ये सोळा नंबरला प्लस, आठ नंबरला ग्राउंड, सरळ.

बाकीच्या पिना नीट समजून घ्याव्यात. एक नंबर क्लॉक. दोन नंबर क्लॉक इनहिबिट, ती हाय झाली की मोजणी थांबते. आपल्याला ती ग्राउंडला हवी. तीन नंबर डिस्प्ले इनेबल, ती हाय असेल तरच सेगमेंट पेटतात. चार नंबर तिचाच आउटपुट, तो मोकळा सोडला तरी चालतो. पाच नंबर कॅरी, पुढच्या अंकाच्या क्लॉकला जाणारी. पंधरा नंबर रिसेट, हाय केली की शून्य. चौदा नंबरची गंमत पुढे येईल. सेगमेंट असे: ए दहावर, बी बारावर, सी तेरावर, डी नऊवर, ई अकरावर, एफ सहावर, जी सातवर.

डिस्प्ले कॉमन कॅथोडचाच (सगळ्या सेगमेंटांचं मायनस टोक एकत्र असलेला) घ्यायचा, एलटीएस५४३ किंवा त्याच मापाचा कुठलाही. जुन्या सर्किटातला एलटीएस५४२ कॉमन अ‍ॅनोडचा आहे, तो इथे पेटणार नाही. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून दुकानातून आणल्यावर मल्टिमीटर डायोडवर लावून बघा: काळी प्रोब मधल्या पिनवर आणि लाल इतर पिनांवर फिरवताना सेगमेंट लुकलुकले तर कॉमन कॅथोड. दशांशबिंदू खाली उजवीकडे ठेवून समोरून पाहिलं तर खालच्या ओळीत डावीकडून ई, डी, कॉमन, सी, बिंदू आणि वरच्या ओळीत डावीकडून जी, एफ, कॉमन, ए, बी. आयसीच्या पिनांचा क्रम डिस्प्लेच्या क्रमाशी जुळत नाही, तारा एकमेकींवरून जाणारच. म्हणून रेझिस्टर उभे न लावता आडवे लावावेत आणि तेच पूल म्हणून वापरावेत. रेझिस्टरच्या अंगाखालून दुसरी तार निघून जाते आणि वेगळे जंपर टाकावे लागत नाहीत.

आता त्या चौदा रेझिस्टरांबद्दल. ते काढता येतात का, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो आणि त्याचं उत्तर व्होल्टेजवर ठरतं. ४०२६ तीनपासून अठरा व्होल्टपर्यंत चालतो, पण त्याचे आउटपुट अशक्त असतात. पाच व्होल्टवर लाल एलईडी स्वतःचे दोनेक व्होल्ट घेतो आणि उरलेल्या तीन व्होल्टांत आयसी तीन-चार मिलिअँपिअरपेक्षा फारसं देऊच शकत नाही. तिथे आयसीच रेझिस्टरचं काम करतो, त्याला त्रास होत नाही. म्हणजे मोबाइलच्या चार्जरवर चालणारा, खोलीत टेबलावर ठेवायचा काउंटर चौदाही रेझिस्टरांशिवाय बांधता येतो. प्रकाश मंद असतो, पण डिस्प्ले चांगला घेतला तर आकडा स्वच्छ वाचता येतो.

हेच नऊ व्होल्टांवर केलं तर फसगत होते. सर्किट चालतं, छान झगझगीत दिसतं, म्हणून अनेक जण तसंच सोडतात. पण एलईडीचे दोन सोडून उरलेले सात व्होल्ट आयसीच्या अंगावर पडतात. सेगमेंटमधून पंधरा मिलिअँपिअर गेले तरी एका आउटपुटमागे शंभरावर मिलिवॅट होतात. डेटाशीटची मर्यादा एका आउटपुटला १०० मिलिवॅट आणि आख्ख्या आयसीला ५०० मिलिवॅट. आकडा ८ वर थांबला की सातही सेगमेंट मिळून ही मर्यादा ओलांडतात. आयसी तापतो, सेगमेंट हळूहळू फिके पडतात आणि दोष डिस्प्लेवर जातो. भिंतीवर लावायचा, लांबून दिसायला हवा असा काउंटर असेल तर वायफाय राउटरबरोबर येतो तसला बारा व्होल्टचा अडॅप्टर घ्यावा आणि प्रत्येक सेगमेंटला दीड किलोओहम लावावा. साधारण साडेपाच-सहा मिलिअँपिअर मिळतात. ८८ दिसत असताना सगळे मिळून ऐंशी-पंच्याऐंशी मिलिअँपिअर, अडॅप्टरला ते काहीच नाही.

कॉमन कॅथोडला एकच रेझिस्टर लावून चौदांचे दोन करण्याची युक्तीही सुचवली जाते. ती करू नये. १ दाखवताना तो प्रवाह दोन सेगमेंटांत वाटला जातो आणि ८ दाखवताना सातांत, त्यामुळे आकड्यागणिक उजेड बदलतो. अकरा भगभगीत आणि अठ्ठ्याऐंशी मलूल. शिवाय सेगमेंटच्या पिनेवरून पुढे काही चालवायचं असेल तर तिथे पक्का हाय मिळत नाही. पाच व्होल्टच्या बिनरेझिस्टर काउंटरलाही हीच मर्यादा आहे. पेटलेल्या सेगमेंटची पिन दोन व्होल्टांवर अडकलेली असते आणि लॉजिकच्या लेखी तो धड हायही नाही, लोही नाही. नुसतं बघायचं असेल तर चालेल, बझर वाजवायचा असेल तर नाही.

पुढचा मान बटणाचा. पुश बटण दाबलं की आतली पत्री टेकते, उडते, पुन्हा टेकते. काही मिलिसेकंद हे चालतं आणि काउंटर प्रत्येक टेकणं मोजतो. एकदा दाबलं आणि ३ आले, ही तक्रार त्यातलीच. जुन्या सर्किटात त्यासाठी ५५५ असतो. ४०२६ चा क्लॉक इनपुट मुळातच श्मिट ट्रिगर प्रकारचा आहे, म्हणजे वर जाताना आणि खाली येताना त्याच्या पातळ्या वेगळ्या असतात आणि संथ चढ-उतार त्याला चालतात. म्हणून ५५५ च्या जागी तीन सुटे भाग पुरतात. बटणाचं एक टोक प्लसला. दुसऱ्या टोकापासून एक किलोओहम, त्याचं दुसरं टोक क्लॉकच्या पिनला. त्याच पिनेपासून ग्राउंडला १०४ चा कपॅसिटर आणि त्याला समांतर १०० किलोओहम.

बटण टेकलं की कपॅसिटर एक किलोतून क्षणात भरतो आणि क्लॉक वर जातो. पत्री उडाली तरी रिकामं व्हायला त्याच्याकडे १०० किलोचीच वाट आहे, तिला दहा मिलिसेकंदांच्या घरात वेळ लागतो. तेवढ्यात पत्री परत टेकते आणि क्लॉक वरच राहतो. चढती कड, म्हणजे लोवरून हाय होण्याचा क्षण, एकच मिळते. बटण जुनं होऊन जास्त थरथरू लागलं तर १०० किलोच्या जागी २२० किलो लावा. भराभर दाबायचं असेल तर याहून पुढे जाऊ नका, नाहीतर दोन दाब एकात मिसळतील. आणि तो एक किलो वगळू नका. त्याच्याशिवाय कपॅसिटर थेट पत्रीतून भरतो आणि ती लवकर झिजते.

७४९० वरून इकडे येणाऱ्यांनी कडेकडे लक्ष द्यावं. ७४९० उतरत्या कडेवर मोजतो, ४०२६ चढत्या. जुन्या सवयीने बटण ग्राउंडला आणि पुलअप (पिन हाय ठेवणारा रेझिस्टर) प्लसला लावला तर काउंटर चालेल, पण आकडा बटण सोडल्यावर बदलेल. आवर्तनं मोजताना बोट दाबून ठेवणारा माणूस गोंधळतो. कॅरी मात्र आपोआप जुळते: ती शून्य ते चारला हाय आणि पाच ते नऊला लो असते, नवावरून शून्यावर येताना वर चढते आणि नेमकी तीच कड दशकाच्या क्लॉकला हवी असते. एककाची पाच नंबर थेट दशकाच्या एक नंबरला, मध्ये काही नको.

आता जे काढायचं नाही ते. सीमॉसची, म्हणजे ४०२६ च्या जातीची, इनपुट पिन मोकळी सोडली तर ती हवेतली वीज पकडते. टीटीएलमध्ये, म्हणजे ७४९० च्या जातीत, मोकळी पिन निदान हायसारखी वागते. ७४९० ची रिसेट मोकळी राहिली तर तो शून्यावर अडकून बसतो आणि चूक लगेच कळते. ४०२६ ची दोन नंबर मोकळी राहिली तर काउंटर कधी चालतो, कधी थांबतो, हात जवळ नेला की पुन्हा चालतो. अशी चूक शोधणं फार अवघड. म्हणून दोन्ही आयसींची दोन नंबर ग्राउंडला थेट जोडा. तीन नंबर प्लसला. प्रत्येक आयसीच्या सोळा आणि आठ या पिनांमध्ये, पिनांना चिकटून, १०४ चा एकेक कपॅसिटर. अडॅप्टरच्या सॉकेटजवळ १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट. आकडा बदलताना सेगमेंटांचा प्रवाह एकदम बदलतो, पुरवठ्यात झटका येतो आणि तो १०४ नसेल तर दशक मध्येच एक घर पुढे सरकतं.

वीज दिल्यावर ४०२६ कुठल्याही आकड्यावर उठू शकतो, म्हणून रिसेट लागतोच. प्लसपासून एक मायक्रोफॅरड, म्हणजे १०५, आणि त्याच्या दुसऱ्या टोकापासून ग्राउंडला १०० किलो. या जोडापासून दहा किलो घेऊन दोन्ही आयसींच्या पंधरा नंबरला. वीज आल्यावर शंभरेक मिलिसेकंद रिसेट हाय राहतो. इथे १०४ लावलेला बऱ्याच सर्किटांत दिसतो. अडॅप्टर हळू चढणारा असेल तर तो पुरत नाही. रिसेटचं बटण प्लसपासून एक किलोतून याच जोडाला. तो दहा किलो वीज जाताना कपॅसिटरचा उलटा धक्का आयसीपर्यंत पोचू देत नाही.

एकवीस ओळखायचं कसं? बीसीडी सोडला तेव्हा ही सोय गेली असं वाटतं. प्रत्यक्षात सेगमेंटांवरूनच ओळखता येतं, आणि इथे ती चौदा नंबरची पिन कामाला येते. ती सी सेगमेंटचीच जोडपिन आहे, पण डिस्प्ले बंद असला तरी चालू राहते. सी सेगमेंट शून्य ते नऊमध्ये फक्त २ ला विझतो. म्हणजे दशकाची चौदा नंबर लो झाली की दशकात २ आहे, दुसरं काही असूच शकत नाही. एककात १ ओळखायला ए आणि एफ हे दोन सेगमेंट पाहायचे. ए विझतो १ आणि ४ ला, एफ विझतो १, २, ३ आणि ७ ला. दोन्ही एकदम विझलेले फक्त १ ला. मग दशकाची चौदा, एककाची दहा आणि एककाची सहा, या तिन्हींवर १एन४१४८ डायोडचे अ‍ॅनोड लावा, तिन्ही कॅथोड एकत्र करा, तिथून ४७ किलोओहम पहिल्या बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला आणि बेसपासून ग्राउंडला १०० किलो. त्याच्या कलेक्टरला प्लसपासून दहा किलो आणि तोच कलेक्टर दुसऱ्या बीसी५४७ च्या बेसला. दुसऱ्याच्या कलेक्टरवर बारा व्होल्टचा पिझो बझर. दोघांचे एमिटर ग्राउंडला. तिन्हींपैकी एक जरी हाय असेल तर पहिला ट्रान्झिस्टर चालू राहतो आणि दुसऱ्याला दाबून ठेवतो. तिन्ही लो झाल्या की पहिला सुटतो, दुसरा चालू होतो आणि बझर वाजतो. तीन डायोड आणि दोन ट्रान्झिस्टरांत फलश्रुतीची सूचना. एखाद्या पीएनपी ट्रान्झिस्टरनेच भागेल असं वाटेल, पण पेटलेल्या सेगमेंटची पिन पूर्ण बारा व्होल्टांपर्यंत जात नाही, दीडेक व्होल्ट खालीच राहते, आणि पीएनपी तेवढ्यावर अर्धवट चालूच राहतो.

वीज गेली तर? सोळाव्या आवर्तनाला दिवे गेले आणि आल्यावर शून्य दिसला तर सगळं फुकट. इथे सीमॉसचा खरा फायदा आहे. सेगमेंट बंद असतील तर ४०२६ ची भूक मायक्रोअँपिअरमध्ये असते. अडॅप्टरच्या प्लसपासून १एन५८१९ डायोडमधून आयसींच्या प्लसला, आणि नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीपासून दुसऱ्या १एन५८१९ मधून त्याच ठिकाणी. अडॅप्टर बारा व्होल्टांचा असल्याने तो चालू असताना बॅटरी स्वस्थ बसते. नऊ व्होल्टांचा अडॅप्टर घेतला तर ताजी बॅटरी त्याच्यापेक्षा किंचित वर असते आणि उगाच झिजते. आता तीन नंबर, डिस्प्ले इनेबल, आयसीच्या प्लसवरून काढून अडॅप्टरच्या बाजूला न्यायची: डायोडच्या अलीकडून दहा किलो घेऊन दोन्ही तीन नंबर पिनांना, आणि तिथून ग्राउंडला १०० किलो. वीज गेली की तीन नंबर लो होते, आकडा विझतो, पण मोजलेला आत शाबूत राहतो. मोजणीचं बटण आयसीच्या प्लसवरूनच दिलं असेल तर अंधारातही आवर्तनं मोजली जातात आणि दिवे आले की बरोबर आकडा उजळतो.

फक्त बझरचा आणि पहिल्या कलेक्टरच्या दहा किलोचा प्लस अडॅप्टरच्या बाजूने घ्यायला विसरू नका. डिस्प्ले बंद झाल्यावर ए आणि एफ आपोआप लो होतात. दशकात २ असेल तर चौदा नंबर आधीच लो आहे, आणि बझर बॅटरी संपेपर्यंत खोटाच ओरडत राहील.

४०३३ नावाचा सख्खा भाऊ दुकानात याच भावात मिळतो. सेगमेंटांच्या पिना त्याच, पण तीन आणि चार नंबरला डावीकडचं निरर्थक शून्य विझवायची सोय आहे. दशकाची तीन नंबर ग्राउंडला आणि एककाची प्लसला जोडली की ०७ ऐवजी नुसता ७ दिसतो. वरची वीज जाण्याची युक्ती मात्र त्यात होत नाही, आणि चौदा नंबर तिथे दिवे तपासण्याचा इनपुट आहे, ती ग्राउंडला हवी. ४०३३ साठी केलेल्या बोर्डावर ४०२६ खोचला तर त्याचा चौदा नंबरचा आउटपुट थेट ग्राउंडला टेकतो. दुकानदाराने एकाच्या जागी दुसरा दिला तर बोर्ड बदलल्याशिवाय लावू नका. मला विचाराल तर मोजणीच्या कामाला ४०२६ च बरा; डावीकडचं शून्य कोणाला खुपत नाही.

बांधताना आधी आयसीचे बेस (सॉकेट) आणि पुरवठा, मग आयसी न घालता सेगमेंट तपासायचे. बारा व्होल्टांची तार बेसच्या एकेका सेगमेंट-पिनेला टेकवली की रेझिस्टरमधून त्या नावाचा सेगमेंट पेटला पाहिजे. चौदाही बरोबर पेटले तर पुढची निम्मी कटकट संपली. नंतर एककाचा आयसी घालून नऊपर्यंत दाबून बघा, मग दशक, मग बझर, आणि बॅटरी सर्वांत शेवटी.

बटणाची तार पाच-सहा मीटर न्यायची असेल तर एक किलो, १०४ आणि १०० किलो हे तिघंही आयसीच्या टोकाला हवेत, बटणाच्या डबीत नकोत. तारेत शिरलेली गडबड आयसीच्या दारातच गाळायची असते. अशा वेळी १०० किलोच्या जागी २२ किलो आणि १०४ च्या जागी ४७४ (०.४७ मायक्रोफॅरड) लावा. वेळ तेवढाच राहतो, पण तार बाहेरची वीज उचलून आयसीला फसवू शकत नाही. दोन तारा एकमेकींना पिळून न्या आणि पंख्याच्या किंवा ट्यूबलाइटच्या तारांबरोबर एकाच पट्टीतून नेऊ नका.

माणसं मोजायची असतील, मंडपात किती आले ते, तर बटणाच्या जागी इन्फ्रारेड किरण येतो आणि तिथे ५५५ ला मी मानाने परत बोलावतो. चालणाऱ्या माणसाचे हात, पिशवी, ओढणी किरण दोन-तीनदा तोडतात. दहा मिलिसेकंदांचा कपॅसिटर तिथे काय करणार? फोटोट्रान्झिस्टरचा कलेक्टर प्लसला, एमिटरपासून ग्राउंडला दहा किलो, आणि एमिटरच ५५५ च्या दोन नंबरला. उजेड असेपर्यंत ती हाय, किरण तुटला की लो. वेळेसाठी ४७० किलो आणि एक मायक्रोफॅरड लावले की आउटपुट अर्धा सेकंद वर राहतो आणि तेवढ्यात पुन्हा तुटलेला किरण मोजला जात नाही. कोणी किरणात उभंच राहिलं तर आउटपुट वरच राहतो आणि तो माणूस एकदाच मोजला जातो. फोटोट्रान्झिस्टर काळ्या नळीत खोल बसवा, नाहीतर दिवसाचा उजेडच त्याला पुरतो आणि तुटलेला किरण त्याला कळत नाही. ५५५ सीमॉस जातीचा, ७५५५ घ्या. साधा ५५५ आउटपुट बदलताना पुरवठ्यातून मोठा झटका ओढतो आणि शेजारच्या ४०२६ ला तो पल्स वाटतो. मंडपाला मात्र दोन अंक अपुरे पडतात. तिसरा ४०२६ दशकाच्या कॅरीला जोडला की ९९९ पर्यंत सोय होते.

चार अंक आणि वर, किंवा एकवीसच्या जागी उद्या अकरा, परवा एकशे आठ असा बदलता आकडा हवा असेल, तर आयसी वाढवत बसू नये. अरडुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि टीएम१६३७ आयसीवर चालणारा चार अंकांचा तयार डिस्प्ले घ्यावा. दोघांमध्ये पुरवठ्याशिवाय दोनच तारा लागतात. थरथर प्रोग्रॅममध्ये वीस मिलिसेकंद थांबून गाळता येते. आकडा ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी जपणाऱ्या मेमरीत) ठेवता येतो, पण तिच्या एका जागेवर लाखभर वेळाच लिहिता येतं याचं भान ठेवावं. आवर्तनांना हा आकडा खूप झाला, गर्दी मोजायला कमी. तिथे दर दहा माणसांनंतर लिहिलं तरी पुरे.

शेवटची तपासणी सगळ्यांना सारखी. काउंटर लावायच्या जागीच, पूर्ण लांबीच्या तारेसह, चालू करा, १५ वर आणून ठेवा आणि बटणाला हात न लावता पंखे, ट्यूबलाइट, ध्वनिक्षेपक दहा-बारा वेळा चालू-बंद करा. आकडा हलला तर आधी १०४ चे टाके बघा, मग बटणाची तार, मग अडॅप्टर बदलून बघा. दशक एकटंच हललं तर एककाच्या पाच नंबरपासून दशकाच्या एक नंबरला जाणारी तार लांब फिरली आहे का ते बघा; ती बोर्डावर सर्वांत आखूड हवी.